थाई मसाला खान्देशात: काय वाळवायचं, काय गोठवायचं

खान्देशात मसाल्याची कोणतीही वस्तू घरात आली की पहिला विचार येतो तो धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या सपाट छतावर, किंवा गच्चीवर वाळत घालण्याचा. मिरची, धने, हळद, कांदा, मेथी, सगळं उन्हात. मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर गेला की ऊन फुकटच असतं आणि त्यावर वर्षाचा मसाला होतो. थाई स्वयंपाक घरी सुरू केला की हीच सवय आड येते. गवती चहाचा दांडा, ओलं कुलिंजन, मकरूट लिंबाची पानं, तुळशीच्या कुळातली पानं आणि कोथिंबिरीची मुळं, या पाचांचा सगळा जीव उडून जाणाऱ्या तेलांत असतो. कडक उन्हात ते तेल जातं आणि हातात काडीकचरा उरतो. त्यामुळे मिरची, धने, जिरे आणि मिरी यांना ऊन द्या. वरच्या पाचांपैकी चारांना फ्रीझर, आणि तुळशीच्या कुळातल्या पानांना कुंडी. एवढी विभागणी पाळली की निम्मं काम झालं.

गवती चहाचा दांडा

आपल्याकडे चहात पात टाकतात आणि दांडा जमिनीतच राहतो. थाई स्वयंपाकात उलट आहे: पात जवळजवळ बिनकामाची, खालचा पांढरा-जांभळट दांडा महत्त्वाचा. झाड तेच. अडचण अशी की चहासाठी रोज कापलेल्या बेटाचे दांडे भरत नाहीत, करंगळीपेक्षाही बारीक राहतात. दांड्यांसाठी एक बेट वेगळं ठेवावं आणि तीन-चार महिने त्याला विळा लावू नये. पावसाळ्याच्या शेवटी दांडे चांगले जाड होतात. तेव्हा कापायचे नाहीत. बुडाशी धरून, थोडा पीळ देऊन मुळासकट उपटायचे. उपटलेल्यांपैकी मुळं असलेले दोन-तीन दांडे परत लावून द्यावेत.

मुळाकडचा कडक गड्डा अर्धा सेंटीमीटर कापून टाका. बाहेरची दोन-तीन वाळकी आवरणं सोला. आतला कोवळा भाग लागला की त्यातले खालचे 10-12 सेंटीमीटर वापरा. वरची पात चहाला. रश्श्यात किंवा सुपात टाकायचा असेल तर दांडा वरवंट्याने ठेचून तसाच टाका आणि वाढताना काढा. वाटणात घालायचा असेल तर आडवा, अगदी कागदासारखा पातळ चिरा. इथे आळस केला की मिक्सरमधून बाहेर पडतात ते धागे, आणि ते दातात अडकतात. मिक्सर कितीही फिरवला तरी लांब धागा तुटत नाही, तो पात्याभोवती गुंडाळतो.

ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रिजच्या खालच्या खणात दांडे दोन आठवडे टिकतात. त्याहून जास्त ठेवायचे तर सोलून, कोरडे पुसून, झिपच्या पिशवीत फ्रीझरमध्ये. सहा महिने वास चांगला राहतो. गोठल्यामुळे धागा थोडा मऊ पडतो, म्हणून गोठवलेला दांडा वाटायला उलट सोपा जातो. बाहेर काढून पाच मिनिटांत चिरा, पूर्ण सुटेपर्यंत थांबू नका, नाहीतर लिबलिबीत होतो.

कुलिंजन

हा कंद दिसतो आल्यासारखा, पण त्याची साल फिकट आणि चकचकीत असते, त्यावर गोल वळ्या असतात आणि गर कठीण असतो. चव आल्याची नाही. थोडी कापरासारखी, थोडी मिरीसारखी. काष्ठौषधीच्या दुकानात कुलिंजन मिळतं ते वाळलेलं, घसा बसल्यावर चघळायचं. बरेचदा ते लहान, लालसर-तपकिरी आणि जास्त झोंबरं असतं. ते थाई रश्श्यात चालतं का? वाटणात, तेही मोजून. दोन-तीन तुकडे कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून मग वाटा. त्याची पूड मात्र टाळाच, सगळ्या रश्श्याला काढ्याचा वास येतो.

ताजा कंद मोठ्या शहरातून कुणी येणार असेल तर मागवावा, किंवा ऑनलाइन. आला की सगळा एकदम सोलू नका. साल फार पातळ असते, खरवडली तरी पुरे. सुपासाठी 3 मिलिमीटरच्या चकत्या, वाटणासाठी बारीक तुकडे, आणि दोन्ही वेगवेगळ्या पिशव्यांत फ्रीझरमध्ये. अख्खा कंद गोठवला तर दगड होतो, मग सुरी निसटते आणि बोट कापतं. कोंब असलेला एक तुकडा कुंडीत लावा. दुपारचं ऊन लागणार नाही अशा जागी तो तग धरतो. वैशाखात हिरवी जाळी नसेल तर पानांच्या कडा करपतात. कंद काढण्याजोगा व्हायला वर्षभर लागतं, ही घाई करण्याची वस्तू नाही.

कुलिंजन नसलंच तर आलं निम्म्या मापाने घाला आणि त्यात हिरव्या लिंबाची थोडी साल किसा. रस्सा चांगला होईल, पण थाई रश्श्याचा वास येणार नाही. नारळाच्या दुधातलं तोम खा हे सूप करायचं असेल तर आल्यावर भागवू नये, कारण त्या सुपात कुलिंजन हाच मुख्य जिन्नस आहे.

पानं: एक जात थंडीची मित्र, दुसरी वैरी

मकरूट लिंबाचं पान जोडपान असतं, एकाच्या टोकाला दुसरं. काही पाकिटांवर 'काफिर लाइम' असं नाव दिसतं. या पानाला फ्रीझरसारखी जागा नाही: पुसून कोरडी करा, पिशवीतली हवा दाबून काढा, वर्षभर वापरा. गोठलेलं पान सरळ रश्श्यात जातं. मधली शीर ओढून काढायची, कारण ती कडवट आणि चामट असते. मग पान चुरगाळून टाकायचं. 400 मिलिलिटर नारळाच्या दुधाला चार-पाच जोडपानं पुरतात. वरून भुरभुरायचं असेल तर पान गुंडाळी करून केसासारखं बारीक चिरा, जाड तुकडा चावला जात नाही. वाळलेली पिवळट पानं विकत घेणं म्हणजे पैसे वाया.

रोपवाटिकेत रोप मिळालं तर जरूर लावावं, लिंबाला मानवणारी जमीन त्यालाही मानवते. नसेल तर कागदी लिंबाची कोवळी पानं दुप्पट घ्या आणि साल किसून घाला. साल किसताना फक्त हिरवा थर. खालचा पांढरा आला की सगळं वाटण कडू.

आता तुळशीचं कुळ. थाई घरात तीन जाती लागतात. बडीशेपेच्या वासाची होरापा हिरव्या-लाल रश्श्यात, लिंबाच्या वासाची मेंगलाक सुपात, आणि तिखट वासाची काफ्राओ परतण्यात. काफ्राओ म्हणजे आपल्या तुळशीचीच जात. आपली राम तुळस बिनधास्त चालते. कृष्ण तुळस जास्त लवंगी लागते, म्हणून निम्मी घ्या. वृंदावनातल्या तुळशीला हात लावायचा प्रश्न घरोघर येतो. त्यावर सोपा उपाय: मंजिरीचं बी घेऊन मागच्या अंगणात वेगळी कुंडी करा. मंजिरी येऊ लागली की शेंडे खुडत राहा. फुलावर गेलेल्या झाडाची पानं बारीक आणि कडवट होतात. होरापा नसेल तर सब्जाच्या झाडाची पानं जवळची.

ही सगळी पानं फ्रिजला भितात. साधारण 10 अंशांखाली गेली की पानावर काळे डाग पडतात आणि सकाळी जुडी काळी झालेली असते. बाहेर ठेवावं तर आपल्या उन्हाळ्यात दुपारपर्यंत मान टाकतात. मधला मार्ग: देठ तिरपे कापून पेल्यातल्या पाण्यात उभे करा, वर ओलं सुती फडकं सैल टाका आणि पेला माठाच्या तिवईशेजारी, गारव्याला ठेवा. दोन-तीन दिवस निघतात. खरं म्हणजे कुंडीतून खुडून सरळ कढईत, हीच साठवण.

कोथिंबिरीची मुळं

फेकून द्यायची सवय असलेली ही वस्तू थाई वाटणाचा पाया आहे. लसूण, पांढरी मिरी आणि कोथिंबिरीचं मूळ एकत्र कुटलं की चिकन मुरवण्यापासून सुपापर्यंत सगळ्याला लागतं. माप असं: चार मुळं, पाच पाकळ्या लसूण, पाव चमचा मिरी, अर्धा किलो चिकनला.

आपल्या बाजारात हिवाळ्यात जुड्या मुळासकट येतात आणि स्वस्त असतात. उन्हाळ्यात कोथिंबीर लवकर फुलावर जाते, मुळं लाकडी होतात. म्हणून मुळांचा साठा डिसेंबर-जानेवारीतच करायचा. देठाचा दोन सेंटीमीटर भाग सोबत ठेवून मूळ कापा. काळी माती मुळाच्या खाचेत घट्ट बसते आणि नुसत्या धुण्याने निघत नाही. दहा मिनिटं पाण्यात भिजवा, मग जुन्या टूथब्रशने घासा, विशेषतः देठ आणि मूळ जुळतात तिथे. फडक्यावर पूर्ण कोरडी करून दहा-दहाच्या पुड्या फ्रीझरमध्ये. ओली ठेवली तर सगळ्यांचा एकच बर्फाचा गोळा होतो आणि चार मुळं काढायला वीस सुटतात.

मिरची आणि कोरडा मसाला

लाल वाटणाला रंगासाठी लांब वाळलेली मिरची लागते. बेडगी रंग देते, तिखटपणा बेताचा. त्यात नंदुरबार बाजारातली तिखट मिरची तीन-चार मिसळली की जमतं. हिरव्या वाटणाला आणि परतण्याला छोटी लवंगी मिरची.

वाळवण इथे आपल्या हातचं आहे, फक्त कसोटी पाळा: मिरची कानाशी हलवली की बी खळखळलं पाहिजे आणि वाकवली की कट्‌कन मोडली पाहिजे. वाकून परत सरळ झाली तर आत ओल आहे, आणि ती जुलैच्या दमट हवेत बुरशी धरते. बुरशीची मिरची पुसून किंवा पुन्हा ऊन दाखवून वापरू नये, टाकूनच द्यावी. भरताना देठ काढू नका. देठाच्या भोकातून हवा आणि किडे जातात. भरण्याआधी गच्चीवरून आणलेली मिरची सावलीत पूर्ण निवू द्या, गरम भरली तर डब्याच्या झाकणाला आतून घाम येतो.

मिरची आणि धन्यांत बारीक तपकिरी किडा होतो. नवा माल आल्यावर घट्ट पिशवीत चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवला की अंडी-अळ्या मरतात. काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर थंड मिरचीवर हवेतली वाफ बसते आणि सगळी मेहनत फुकट. फ्रिजमध्ये ठेवलेल्या तिखटाच्या बरणीलाही हाच नियम. गुठळ्या होण्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं.

डबे शेगडीच्या वरच्या फळीवर नकोत. तिथे रोजची वाफ आणि उष्णता दोन्ही असतात. काचेची बरणी असेल तर बंद कपाटात, उजेडात मिरचीचा लाल रंग वर्षात विटकरी होतो. अख्खे धने-जिरे वर्ष-दीड वर्ष चांगले, पूड केली की आपल्या हवेत चार-सहा महिने. म्हणून थाई वाटणासाठी पूड करून ठेवायची नाही, लागेल तेवढंच भाजून कुटायचं.

भाजताना काळ्या मसाल्याचा हात आवरावा लागतो. आपण कांदा-खोबरं काळं होईपर्यंत जाळतो, तीच धग धन्यांना दिली तर लाल वाटण कडू होतं. धने मंद आचेवर दोन-तीन मिनिटं, वास सुटून किंचित तांबूस होईपर्यंत. जिरे वेगळे, मिनिटभर. मस्सामन या रश्श्यात मात्र कांदा-लसूण भाजूनच घेतात, शिवाय दालचिनी, लवंग, वेलची, जायफळ असतं. खान्देशी हाताला सगळ्यात लवकर जमणारं थाई वाटण तेच.

लाल वाटण, तीन वेळच्या रश्श्याला

मिरच्या 12-15, देठ आणि बहुतेक बी काढून, कोमट पाण्यात 20 मिनिटं भिजवा आणि घट्ट पिळा. मोठा चमचा धने, लहान चमचा जिरे, अर्धा लहान चमचा पांढरी मिरी, लहान चमचा जाडं मीठ. गवती चहाचे तीन दांडे, कुलिंजन इंचभर, मकरूटची किंवा हिरव्या लिंबाची साल लहान चमचा, कोथिंबिरीची सहा मुळं, लसूण आठ-दहा पाकळ्या, छोटे कांदे 60 ग्रॅम, झिंग्याची पेस्ट लहान चमचा.

क्रम महत्त्वाचा: कोरडं आधी, कठीण नंतर, पाणीदार शेवटी. भाजलेला मसाला पूड करा. मग मीठ आणि मिरची. मीठ खरखरीत असल्याने साल फाटायला मदत होते. नंतर दांडा, कुलिंजन, साल, मुळं. ते एकजीव झाल्यावरच लसूण आणि कांदा, शेवटी झिंगा. कांदा आधी टाकला तर पाणी सुटतं आणि धागे त्यात तरंगत राहतात. पाटा-वरवंटा असेल तर तोच काढा, धागा चिरडायला त्याच्यासारखं काही नाही. मिक्सरमध्ये चटणीचं छोटं भांडं घ्या, आणि फिरत नसेल तर पाण्याऐवजी चमचाभर तेल. पाणी घातलेलं वाटण परतत नाही, उकळतं. कच्चा वास जात नाही.

झिंग्याची पेस्ट मिळाली नाही तर आठवडे बाजारातला जवळा चालतो. मूठभर निवडून, कोरडा भाजून, मिठासोबत बारीक पूड करा. पेस्ट असेल तर केळीच्या पानाच्या दुहेरी घडीत थापून तव्यावर दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिनिटं भाजा. केळीचं पान आपल्याकडे मागावं तिथे मिळतं. खिडक्या उघड्या ठेवा, शेजाऱ्यांना आधी सांगितलेलं बरं. शाकाहारी घरात आंबवलेल्या सोयाबीनची पेस्ट, नाहीतर नुसतं मीठ थोडं वाढवायचं.

टिकवताना एक गोष्ट ठाम सांगतो: या वाटणावर तेलाचा थर देऊन ते बाहेर ठेवू नका. लोणचं मिठावर आणि आंबटावर टिकतं. या वाटणात कच्चा लसूण आणि कंद आहेत, आंबट काही नाही, आणि तेलाखाली हवाही नाही. बॉट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जिवाणूला नेमकं हेच हवं असतं, आणि त्याचं विष वासाने किंवा रंगाने ओळखू येत नाही. फ्रिजमध्येही चार दिवसच. बाकीचं वाटण झिपच्या पिशवीत पातळ थापा, पिशवीवरून पट्टीने तीन भागांच्या रेघा दाबा आणि आडवं गोठवा. एका रेघेवर मोडलं की एका वेळचं, साधारण 60 ग्रॅम. तीन महिने उत्तम. पिशवी दुहेरी घ्या, नाहीतर कुल्फीला लसणाचा वास.

कढईत काय कधी

60 ग्रॅम वाटण, 400 मिलिलिटर नारळाचं दूध, 400 ग्रॅम चिकन किंवा भाजी. आधी दाट दूध अर्धी वाटी आटवा, तेल सुटू लागलं की वाटण टाकून मध्यम आचेवर चार-पाच मिनिटं परता, कडेला लाल तर्री दिसेपर्यंत. डब्यातल्या काही दुधांत घट्टपणासाठी पदार्थ मिसळलेले असतात, ती कितीही आटवली तरी फुटत नाहीत. तेव्हा सरळ चमचाभर तेलावर वाटण परता. मग चिकन, उरलेलं दूध, मकरूटची पानं. फिश सॉस आणि थोडा गूळ शिजत आल्यावर. होरापा गॅस बंद करून. आंबट सुपात लिंबाचा रस तर भांडं खाली उतरवल्यावरच, उकळत्या सुपात तो कडवट होतो.

काफ्राओ तुळशीच्या परतण्यासाठी 250 ग्रॅम खिमा किंवा पनीर, सात पाकळ्या लसूण आणि सहा लवंगी मिरच्या खलबत्त्यात ठेच्यासारख्या जाडसर कुटून, दोन चमचे तेलात मोठ्या आचेवर. फिश सॉस मोठा चमचा, सोया सॉस लहान चमचा, साखर अर्धा. शेवटी गॅस बंद करून दोन मुठी तुळस, दहा सेकंद ढवळायचं, बस. तुळस आधी पडली तर काळी होते आणि वास धुरासोबत जातो.

हिरवा रस्सा राखाडी झाला तर तो जास्त उकळला, एवढंच कारण. झाकण न ठेवता, उकळी येताच आच कमी.

फ्रीझरवर एवढं सोपवल्यावर वीज गेली की काळजी लागते. भरलेला फ्रीझर दार न उघडता दीड-दोन दिवस थंडी धरतो, अर्धा भरलेला साधारण एक दिवस. रिकामी जागा पाण्याच्या बाटल्यांनी भरून ठेवा. एका वाटीत पाणी गोठवून वर एक नाणं ठेवा. गावाहून परतल्यावर नाणं वाटीच्या तळाशी गेलेलं दिसलं, तर मधल्या काळात सगळं वितळून पुन्हा गोठलं आहे. मकरूटची पानं आणि दांडे तेव्हाही वापरता येतील, वास थोडा कमी असेल. लसणाचं वाटण मात्र फेका.